फेलोशिप निवडताना सरांचं 'घराणं' बघावं का?

चाळकरी (रविवार, रात्री १०.२०)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय माझ्या आवाक्यातला नाही, म्हणूनच काढतोय.

लेक यंदा एम.एस. ऑर्थो झाली, मुंबईतल्याच एका महापालिकेच्या कॉलेजातून. सध्या बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सेवेचं, वर्ष सुरू आहे. पुढे तिला खेळाडूंच्या दुखापतींच्या शस्त्रक्रिया शिकायच्या आहेत. आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीतून सांध्याची शस्त्रक्रिया) आणि स्पोर्ट्स मेडिसिन म्हणतात त्याला. त्यासाठी फेलोशिप, म्हणजे एखाद्या सरांच्या हाताखाली जास्तीचं शिक्षण, करावी लागते. कुठे करायची यावरून आमच्या घरात दोन महिने जेवणाच्या ताटावर परिसंवाद चालू आहे.

परवा तिनं लॅपटॉप उघडा टाकला होता म्हणून डोकावलो. एक्सेलमध्ये तक्ता. डावीकडे फेलोशिप देणाऱ्या सात डॉक्टरांची नावं आणि पुढे रकाने: एम.एस. कुठून, फेलोशिप कुणाकडे, परदेशात किती वर्षं, पेपर किती, कुठल्या टीमचे डॉक्टर, स्वतः काही खेळले का. मी चाळीस वर्षं गोदीत नोकरी केली, पण साहेबांची एवढी कुंडली कधी मांडली नाही. शेवटच्या रकान्याचं शीर्षक होतं 'फेलोला किती करू देतात'. तो सातही नावांपुढे कोरा.

आता सातातली दोन नावं उरली आहेत. एक सर परदेशात शिकून आलेले, नाव पेपरात येतं, हॉस्पिटल चकाचक. दुसरे इथेच शिकले, इथेच राहिले, त्यांचं नाव मी ऐकलेलं नव्हतं. हिची आई म्हणते पहिलेच. मी काय बोलणार?

तर प्रश्न असा: शिकवणारा कुठून आला, कुणाच्या हाताखाली तयार झाला, यानं शिकणाऱ्याला खरंच फरक पडतो का?

तिरकस (रविवार, रात्री १०.४१)

गोत्र, प्रवर आणि मामेकुळ राहिलं की काका. सरांना मंगळ असेल तर फेलोचे स्क्रू ढिले होतात म्हणे.
(दिवे घ्या.)

हाडाचा डॉक्टर (रविवार, रात्री ११.३०)

काका, आधी लेकीचं अभिनंदन. मी डोंबिवलीत ऑर्थोपेडिक सर्जन, वीस वर्षं झाली. तिरकसरावांनी चेष्टा केली असली तरी प्रश्न चेष्टेचा नाही.

एक गोंधळ आधीच मिटवतो, नाहीतर दहाव्या प्रतिसादात कुणीतरी काढेलच. एम.डी. स्पोर्ट्स मेडिसिन वेगळं. ते डॉक्टर शस्त्रक्रिया करत नाहीत. दुखापतीचं निदान, औषधं, इंजेक्शनं, खेळाडूची तंदुरुस्ती हे त्यांचं काम. शस्त्रक्रियेच्या बाजूनं जायचं तर आधी ऑर्थो आणि मग फेलोशिप. त्यातही प्रकार आहेत. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एफ.एन.बी., देशभराची प्रवेश परीक्षा देऊन मिळते, दोन वर्षांची. नाशिकच्या आपल्या आरोग्य विद्यापीठाच्या फेलोशिप आहेत. आणि तिसरी म्हणजे हॉस्पिटलनं किंवा सरांनी स्वतःच्या नावानं दिलेली, सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा. पहिल्या दोन्हींत निदान कागदावर तरी अभ्यासक्रम, लॉगबुक (केलेल्या ऑपरेशनांची नोंदवही) असं काही असतं. तिसरीत सर हाच अभ्यासक्रम. त्यामुळे तिथे सर कोण हे बघावंच लागतं.

आता घराण्याचं. गुडघ्यातली पुढची क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे ए.सी.एल., पूर्ण तुटली की बहुतेक वेळा शिवून भागत नाही. शरीरातलीच दुसरी दोरी काढून तिथे बसवतात. दोरी कुठून काढायची? कुणी मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगमधून काढतो, कुणी वाटीखालच्या पटेलर टेंडनमधून, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून. कुणी वाटीच्या वरून, क्वाड्रिसेप्समधून. आपल्याकडे हल्ली पायाच्या बाहेरच्या बाजूचा पेरोनियस लाँगसही वापरतात. प्रत्येकाचे फायदे-तोटे आहेत. पटेलरची दोरी भक्कम, पण नंतर गुडघे टेकताना पुढे दुखतं अशी तक्रार जास्त. ज्या पेशंटला खाली बसून पूजा करायची आहे, नमाज पढायचा आहे किंवा लादी पुसायची आहे त्याला ही अडचण रोजची.

आणि अनुभव असा की सरांनी जिथून दोरी काढली तिथूनच चेला जन्मभर काढतो. मी स्वतः हॅमस्ट्रिंगवाला. का? माझे सर हॅमस्ट्रिंगवाले होते म्हणून. बाकीची कारणं मी नंतर शोधून काढली.

चाळकरी (रविवार, रात्री ११.४४)

डॉक्टरसाहेब, हे लेकीला वाचून दाखवलं. हसली आणि म्हणाली, "आमच्याकडे पण हॅमस्ट्रिंगच."

अटलांटिकपार (सोमवार, पहाटे ४.०५)

मी मूळची पार्ल्याची, सध्या पिट्सबर्ग, भूलतज्ज्ञ. ओटीत पेशंटच्या डोक्याशी उभी असते, त्यामुळे ऑर्थोवाल्यांच्या गप्पा सगळ्या ऐकू येतात.

इकडे हा प्रश्न लोकांनी चक्क अभ्यासाला घेतलेला आहे. फेलोशिपचे डायरेक्टर कोण आहेत, कुठे शिकले, यावर शोधनिबंध निघतात. निघणारं चित्र फारसं आश्चर्याचं नाही: बहुतांश पुरुष, आणि कुठे शिकले म्हणून बघायला जावं तर त्याच मोजक्या ठिकाणांची नावं पुन्हा पुन्हा.

घराणी म्हणाल तर इकडे खरोखरच आहेत. लॉस एंजेलिसला केर्लान आणि जोब यांनी १९६५ साली क्लिनिक काढलं. त्यातल्या फ्रँक जोबनी १९७४ साली टॉमी जॉन नावाच्या बेसबॉल पिचरच्या डाव्या कोपरात त्याच्याच उजव्या हाताच्या मनगटाकडची कंडरा काढून बसवली. शंभरात एक शक्यता आहे असं सांगून केलेली शस्त्रक्रिया. तो गडी १९७६ साली परत उभा राहिला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला, आधीच्या कारकिर्दीपेक्षा जास्त! आज त्या शस्त्रक्रियेला पेशंटच्या नावानं ओळखतात, सर्जनच्या नाही.

दुसरं घराणं जॉर्जियातल्या कोलंबसचं, जॅक ह्यूस्टनचं. त्यांच्या हाताखाली जेम्स अँड्र्यूज तयार झाले, मधे फ्रान्समध्ये लियॉनला त्रिया यांच्याकडे राहून आले आणि पुढे अलाबामात बर्मिंगहॅमला त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं. तिथून शिकून निघालेले देशभर आहेत.

आणि आमच्या गावचे फ्रेडी फू. हाँगकाँगला जन्मलेले, शिकायला अमेरिकेत आले आणि पिट्सबर्गच्या ऑर्थो विभागाचे प्रमुख झाले. २०२१ साली गेले. जगभरचे फेलो त्यांच्याकडे यायचे. ए.सी.एल.ला दोन पदर असतात तर दोन्ही पदर वेगवेगळे बसवा, असा आग्रह त्यांनी एके काळी धरला. नंतर स्वतःच सौम्य केला आणि पेशंटची शरीररचना बघून ठरवा म्हणू लागले. मला वाटतं सरांचं हे बघावं. मत बदलताना त्यांना कुणी पाहिलंय का?

रच्याकने, अमेरिकेतून आणि युरोपातून तरुण सर्जनांची एकमेकांकडे दौऱ्यावर जाणारी एक फेलोशिप आहे. त्यांच्याबरोबर एक ज्येष्ठ सर्जन जातो. त्याचं अधिकृत पद काय, ओळखा. गॉडफादर!

तिरकस (सोमवार, सकाळी ८.१०)

म्हणजे तिकडे गॉडफादर उघडपणे नेमतात. आपल्याकडे उगाच नाकारत बसतात.

प्रभादेवीचा रेडर (सोमवार, सकाळी ९.३२)

लोकलमधून लिहितोय, चुभूद्याघ्या.

आपण पेशंट पार्टी. २००९ ला स्पर्धेत चढाईला गेलो, बोनस घेऊन वळताना पाय मॅटवर राहिला आणि अंग वळलं. कट्ट आवाज मला आला, पंचांना आला, मला वाटतं कॅन्टीनवाल्यालाही आला असावा. गुडघा संध्याकाळपर्यंत नारळ. मंडळातल्या ज्येष्ठांनी आधी चोळणाऱ्याकडे नेलं. त्यानं तीन आठवडे चोळून माझे अडीच हजार काढले.

मग दोन सर्जन दाखवले. पहिले खूप मोठे. भिंतीवर सर्टिफिकेटं, अर्धी मला वाचता न येणाऱ्या भाषेत. त्यांनी एम.आर.आय. बघितला, तारीख दिली, चार मिनिटं. दुसरे डॉक्टर साधे. त्यांनी आधी विचारलं, "चढाई का पकड?" चढाई म्हटल्यावर, "कुठल्या पायावर वळतोस?" मग खुर्चीतून उठले आणि केबिनमध्ये बूट घालून वळून दाखवलं, "असा?" मी म्हटलं सर, तुम्ही खेळलाय. म्हणाले कॉलेजात डावा कोपरा होतो.

आपण तिथेच फायनल. त्यांच्याकडेच ऑपरेशन केलं. पुढे दोन सीझन खेळलो.

म्हणून आपलं मत, 'स्वतः काही खेळले का' हा रकाना पोरीनं बरोबर टाकलाय.

हाडाचा डॉक्टर (सोमवार, दुपारी १.१५)

रेडरभाऊ, किस्सा झकास. पण पुरावा म्हणून नाही चालणार. डावा कोपरा खेळलेला माणूस बोगदा चुकीच्या जागी पाडूच शकत नाही असं नाही ना! (हाडात छिद्र पाडून दोरी ओवतात, त्या छिद्राला आम्ही टनेल म्हणतो. ते पाच-सहा मिलिमीटर इकडचं तिकडे झालं की अख्खी दोरी बिघडते.)

अटलांटिकपार (सोमवार, दुपारी ४.५०)

पण रेडर म्हणतात त्यात काहीतरी आहे. अँड्र्यूज कॉलेजात पोल व्हॉल्टचे विजेते होते. कोलोराडोत व्हेलचं क्लिनिक उभारणारे स्टेडमन कॉलेजात फुटबॉल (आपल्या हाताचा, तिकडचा) खेळलेले. जो हॅनाफिन नावाच्या सर्जन बाई होड्या वल्हवणाऱ्या, स्पर्धेत उतरणाऱ्या. हे तिघंही चांगले सर्जन खेळाडू होते म्हणून झाले असं मी म्हणणार नाही, पण "सर, सामना शनिवारी आहे" या वाक्यातली तडफड त्यांना समजावून सांगावी लागली नसणार.

फ्रँक जोब मात्र दुसऱ्याच वाटेनं आले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांच्या तुकडीत वैद्यकीय सामानाची जबाबदारी असलेले सार्जंट होते. डॉक्टरकी नंतर.

चकलीकाकू (सोमवार, दुपारी ५.३०)

मला एक विचारायचंय. दहीहंडीत पडलेल्या पोरांना हेच डॉक्टर बघतात का? आमच्या लालबागच्या पथकातला शेजारचा मुलगा गेल्या वर्षी सहाव्या थरावरून आला खाली. मनगट गेलं. आता तर सरकारनं साहसी खेळ म्हटलंय.

हाडाचा डॉक्टर (सोमवार, संध्याकाळी ६.०५)

काकू, २०२२ साली राज्य सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला हे खरं. पण त्या रात्री येतात ते मुख्यतः फ्रॅक्चर. मनगट, खांदा, मणका. तो अपघात विभागाचा मामला. गोकुळाष्टमीला मुंबईत रजिस्ट्रार (निवासी डॉक्टर) असलेला माणूस थरांचा हिशेब एक्सरेवरून सांगू शकतो.

चकलीकाकू (सोमवार, संध्याकाळी ६.२०)

चाळकरीभाऊ, लेकीला सांगा गोकुळाष्टमीला सुटी घेऊ नकोस. आणि हे वर ओटी काय लिहिलंय, मला वाटलं कुणाची भरताय!

तिरकस (सोमवार, संध्याकाळी ६.२४)

काकू __/\__ ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर.

नुकताच सुटलो (सोमवार, रात्री ११.५८)

फक्त वाचत होतो, पण आता राहवत नाही. आयडी नवा आहे, कारण कळेलच.

मी अशी फेलोशिप केलीय. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, मुंबईतलं आहे एवढं पुरे. सर म्हणजे काय! दोन देशांत शिकलेले, व्याख्यान द्यायला उभे राहिले की सभागृह गच्च. मी त्यांच्या नावावर भाळून गेलो. ऑपरेशन ते अप्रतिम करायचे, यात शंका नाही. मी एका वर्षात शेकडो ऑपरेशनं पाहिली. पाहिली.

माझं काम: सकाळी सात वाजता राउंड, डिस्चार्ज कार्डं, विम्याच्या टीपीएचे (दावे तपासणाऱ्या कंपनीचे) फॉर्म, "रुग्णाला शस्त्रक्रिया का आवश्यक आहे" याची पत्रं. ओटीत पाय धरायचा. सातव्या महिन्यात कॅमेरा हातात आला. आर्थ्रोस्कोपीत कॅमेरा धरणं हेही कौशल्य आहे, मान्य. तीस अंशांची तिरकी भिंग असलेली दुर्बीण, ती नुसती फिरवली तरी चित्र बदलतं. पण कॅमेरा धरणारा शिकतो ते सर काय बघतात एवढंच. हाताला काय लागतं ते नाही कळत. मेनिस्कसला (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला) प्रोब, म्हणजे बोथट आकडी, लावला की तो मऊ लागतो की सैल हे बोटांना कळावं लागतं.

सरांचं चुकलं असंही नाही. खाजगीत पेशंट सरांच्या नावावर येतो, पैसे सरांच्या हातासाठी मोजतो. त्याला "आज अर्धं माझा फेलो करेल" कसं सांगणार? पण मग त्याला फेलोशिप म्हणू नका हो. नोकरी म्हणा आणि तसा पगार द्या.

बाहेर पडल्यावर पहिलं ए.सी.एल. स्वतः केलं नाशिककडच्या एका छोट्या हॉस्पिटलात. दोन तास पन्नास मिनिटं. हात कापत होते.

मीनल_ठाणे (मंगळवार, सकाळी ७.१५)

नुकताच सुटलो, तुमच्या प्रतिसादातला शब्दन् शब्द पटला. "पाहिली" हा शब्द दोनदा लिहिलात ते बरं केलंत.

मी ऑर्थो सर्जन, बाई. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण ओपीडीत अजून लोक विचारतात, "डॉक्टर कधी येणार?" काका, तुमची मुलगी आहे म्हणून हे लिहिते. 'ऑर्थो म्हणजे सुतारकाम, पोरींना झेपत नाही' हे तिनं ऐकून ऐकून पाठ केलं असेल. आर्थ्रोस्कोपीत तर ते अजिबातच खरं नाही. दोन छोटी भोकं, एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातात हत्यार, नजर पडद्यावर. तिथे ताकदीपेक्षा दोन्ही हातांचा मेळ महत्त्वाचा.

अडचण येते ती दुसरीकडे, आणि ती कुठल्याच तक्त्यात येत नाही. माझी उंची पाच फूट एक इंच. मी शिकत होते तिथे ओटीचं टेबल सरांच्या उंचीला लावलेलं असायचं, सर सहा फुटी. मी स्टीलच्या पायरीवर उभी राहून काम करायचे. आर्थ्रोस्कोपीत खारं पाणी सतत सांध्यातून वाहतं, ते खाली सांडतं, पायरी ओली होते. वर शेव्हरची (आतलं खरवडणाऱ्या यंत्राची) आणि पाण्याची पेडलं पायाखाली असतात, ती पायरीवरून पोचत नाहीत. तर मी एका पायावर उभी, दुसऱ्या पायानं पेडल शोधतेय, हात खांद्याच्या वर. अर्ध्या तासात मान आखडायची. सर म्हणायचे, "मीनल, तुझा हात स्थिर नाही." सर वाईट नव्हते. त्यांना टेबलाच्या रिमोटचं बटण दाबायचं सुचलंच नाही कधी, कारण त्यांना शिकवणारेही सहा फुटीच होते.

अटलांटिकपार, तुम्ही जो हॅनाफिनचं नाव घेतलंत. अमेरिकेतली खेळाडूंच्या सर्जनांची संघटना १९७२ सालची. तिला पहिली बाई अध्यक्ष मिळाली २०१३ साली, त्याच त्या हॅनाफिन. एकेचाळीस वर्षं. म्हणून मला 'सर कुठे शिकले' यापेक्षा 'सरांकडे आजवर किती मुली शिकल्या आणि त्यांचं पुढे काय झालं' हा रकाना जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलींच्या गुडघ्याचं तर विचारूच नका. त्याच खेळात मुलींची ए.सी.एल. मुलांपेक्षा कितीतरी जास्त तुटते.

कट्ट्यावरचा (मंगळवार, सकाळी ९.४०)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाचनखूण साठवली.

फिजिओताई (मंगळवार, दुपारी १२.३०)

सगळे सर्जनबद्दलच बोलताहेत म्हणून आमची हजेरी.

सर्जन गुडघ्याला दीड तास भेटतो, आम्ही नऊ महिने. दादरला माझं क्लिनिक आहे, शिवाजी पार्कवर खेळणारी पोरं येतात. काही सर्जन चिठ्ठीवर 'फिजिओ' एवढंच लिहितात, जणू किराणा मालाची यादी. काही फोन करतात: मेनिस्कसला टाके घातलेत, सहा आठवडे नव्वदच्या पुढे वाकवू नका. हे दुसऱ्या प्रकारचे कुठून येतात ते मी पाहिलंय. ज्यांच्या सरांच्या ओपीडीत फिजिओ शेजारच्या खुर्चीवर बसायची, ते सगळे फोन करतात. ज्यांचे सर आम्हाला तळमजल्यावर पाठवायचे, त्यांचे चेलेही तेच करतात.

म्हणून लेकीला म्हणावं, सरांची ओपीडी बघायला जा. खुर्च्या मोज.

कांगा लीगवाला (मंगळवार, दुपारी ३.१०)

थोडं अवांतर, पण घराण्याचा विषय निघालाच आहे तर आर्थ्रोस्कोपीचे आद्य गुरू राहायला नकोत. ते ना अमेरिकेचे ना इंग्लंडचे. टोकियोचे केंजी ताकागी. मूत्राशयात बघायची दुर्बीण त्यांनी १९१८ साली एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून बघितली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे. त्यांनी १९६२ साली दुर्बिणीतून फाटलेल्या मेनिस्कसचा तुकडा काढला. मग १९६४ साली, टोकियो ऑलिंपिकच्या वर्षी, कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन तिथे गेले, वातानाबेंकडे शिकले आणि ही विद्या उत्तर अमेरिकेत घेऊन आले. परदेशात शिकून आलेले म्हणजे थोर, असं म्हणताना एवढं लक्षात असू द्या की तिकडचे आधी पूर्वेला शिकायला आले होते.

आपल्या मुंबईतही काही कमी नाही. क्रिकेटवाल्यांना डॉ. अनंत जोशी हे नाव जुनं. ऋषभ पंतचा ३० डिसेंबर २०२२ ला रुरकीजवळ अपघात झाला, तेव्हा त्याला विमानानं मुंबईलाच आणलं आणि गुडघ्याचं ऑपरेशन अंधेरीला कोकिलाबेन हॉस्पिटलात डॉ. दिनशा पारडीवालांनी केलं. २०२४ च्या आयपीएलमध्ये पठ्ठ्या यष्टीमागे उभा. सचिनच्या कोपराला २००५ साली लंडन गाठावं लागलं होतं.

तिरकस (मंगळवार, दुपारी ३.३३)

कांगा लीगवाले, अजूनही काहीजण लंडन गाठतातच. शमीच्या टाचेचं ऑपरेशन २०२४ साली तिकडेच झालं.

पण आता गंमत सोडून. काका, मी हे सगळं वाचून माझं मत अर्धं बदललंय (पिट्सबर्गचा वाण लागला). पहिल्या प्रतिसादात पत्रिका म्हणून हसलो, पण वर प्रत्येकानं सांगितलेला किस्सा शेवटी वारशाचाच आहे. दोरी कुठून काढायची, टेबल कुठल्या उंचीला, फिजिओची खुर्ची. फक्त यातलं काहीच सरांच्या बायोडेटात लिहिलेलं नसतं. बायोडेटात गावाचं नाव असतं.

हाडाचा डॉक्टर (मंगळवार, रात्री १०.०५)

तिरकसराव, तुम्ही गंभीर झालात की भीती वाटते.

एक भर. मोठ्या ठिकाणी पाटीवरचं नाव एकाचं असतं आणि फेलोंचा रोटा लावणारा, लॉगबुकवर सही करणारा दुसराच असतो. अटलांटिकपार सांगतीलच, तिकडेही डायरेक्टर म्हणून ज्याचं नाव कागदावर, तो तिथला सर्वांत प्रसिद्ध सर्जन असेलच असं नाही. शिकणाऱ्याचं वर्ष या दुसऱ्या माणसाच्या हातात असतं. त्याची चौकशी करा.

आणि काका, शेवटचा रकाना भरायचा एकच उपाय. दोन्हीकडे दोन-दोन दिवस निरीक्षक म्हणून उभं राहायचं. बहुतेक सर परवानगी देतात. ओटीत उभं राहायचं आणि सरांकडे बघायचंच नाही. फेलोकडे बघायचं. शिवाय चहाच्या वेळी फेलोला एकटं गाठून विचारायचं, "लॉगबुकमध्ये 'स्वतः केलं' असे किती?" तो हसला की समजायचं.

नुकताच सुटलो (मंगळवार, रात्री १०.१२)

+१. मला कुणी विचारलं असतं तर हसलो असतो.

अटलांटिकपार (बुधवार, पहाटे ३.३०)

डॉक्टरांशी सहमत. मी डोक्याशी उभी असते म्हणाले ना, तिथून एक गोष्ट नेमकी दिसते. अडचण आली की काही सर हत्यार काढून घेतात आणि केस संपेपर्यंत परत देत नाहीत. काही घेतात, अर्ध्या मिनिटात अडकलेलं सोडवतात आणि परत देतात. फेलोचा चेहरा मास्कमागे असला तरी ते परत देणं डोळ्यांत दिसतं.

चाळकरी (बारा दिवसांनी, शुक्रवार, रात्री ९.४५)

मंडळी, धागा वर काढतोय. सगळे प्रतिसाद छापून लेकीला दिले होते. (हो, छापून. तिची आई मोबाईलवर वाचत नाही.)

तिनं दोन्हीकडे रजा टाकून दोन-दोन दिवस काढले. पहिल्या, नावाजलेल्या सरांकडे तिला फार छान वागवलं. सरांनी स्वतः बसून तासभर समजावलं. ऑपरेशन बघून ती थक्क झाली, घरी आल्यावर वरण-भात कालवता कालवता हातवारे करून दाखवत होती. तिथल्या फेलोला तिनं चहाच्या वेळी लॉगबुकचं विचारलं.

तो हसला.

दुसऱ्या ठिकाणी लिफ्ट बंद, ओटी जुनी, पडदा लहान. सर बोलतात कमी. फेलो एक बुटका मुलगा, लातूरकडचा. केस सुरू होताना सर आले, हात धुतले, गाऊन घातला आणि पेशंटच्या पायाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. मधे कुठेतरी त्या मुलाचा धागा आत अडकला. सरांनी हत्यार घेतलं, सोडवलं, परत दिलं. लेक म्हणते मी मनातल्या मनात आकडे मोजत होते, पंचेचाळीसपर्यंत गेले. ओपीडीत मात्र फिजिओची खुर्ची नव्हती. फिजिओताई, तुमचा अर्धा गुण कापला. आणि आजवर त्यांच्याकडे मुलगी एकच शिकली आहे, तेही तिनं विचारून घेतलं.

काल रात्री तक्ता पुन्हा उघडा दिसला. मी डोकावलो, सवय. शेवटच्या रकान्यात पहिल्या सरांपुढे काहीतरी आकडे होते. दुसऱ्या सरांपुढे फक्त एवढंच: "टेबल फेलोच्या उंचीला. सर वाकून उभे."

तिची आई म्हणते, याचा अर्थ काय? मी मीनलताईंचा प्रतिसाद काढून पुढे ठेवला.

मीनल_ठाणे (शुक्रवार, रात्री ९.५८)

काका, जाऊ दे तिला तिकडे. आणि खुर्चीचं तिलाच मांडायला सांगा.

हाडाचा डॉक्टर (शुक्रवार, रात्री १०.२०)

सर वाकून उभे? पाठ धरली तर डोंबिवलीला पाठवा. फी घेणार नाही.
ते दोरी कुठून काढतात हे बघितलं का तिनं?

चाळकरी (शुक्रवार, रात्री १०.३१)

विचारलं. दोन दिवसांत तीन केस होत्या. दोन हॅमस्ट्रिंग, एक क्वाड्रिसेप्स. तिसऱ्याच्या वेळी सरांनी म्हणे फेलोलाच विचारलं, "याची कुठून काढू या?" पेशंट कुस्तीवाला होता.

प्रभादेवीचा रेडर (शुक्रवार, रात्री ११.०२)

काका, ताईची फेलोशिप संपली की इथे कळवा. माझा डावा झालाय, उजवा अजून शिल्लक आहे आणि मंडळानं यंदा प्रौढ गटात नाव घातलंय.